फेसाचा हिशेब : गोळी सोड्यापासून बिअरच्या नळापर्यंत

मराठवाड्यातल्या आठवडी बाजारात किंवा एखाद्या उरुसात उन्हातान्हाचे फिरताना गोळी सोड्याची गाडी दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. सोडावाला अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोळी आत ढकलतो, 'फट्' असा आवाज होतो आणि सोडा पेल्यात येतो. कधी तो शांतपणे येतो आणि जिभेला चांगला झोंबतो. कधी मात्र अर्धा सोडा फेस होऊन हातावर सांडतो आणि पेल्यात उरते ते मिळमिळीत पाणी. बाटल्या एकाच खोक्यातल्या, सोडा एकाच दिवशी भरलेला. मग असा फरक का पडावा?

हाच प्रश्न हजारो मैलांवर काही मंडळींना वेगळ्या रूपात छळत असतो. इंग्लंडमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर घरच्यापुरती बिअर घरी बनवण्याचा छंद बराच पसरला. आपल्याकडे परवान्यावाचून असे करणे हा गुन्हा आहे. तिकडचे हौशी लोक बिअर धातूच्या पिंपात भरतात, पिंपाला कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे जोडतात आणि नळ सोडून पेला भरतात. नळ लावून झाला की त्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते : पेल्यात बिअर कमी आणि फेसच फार!

शिक्षकांच्या मासिकात बिअरचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की द्रवात विरघळलेल्या वायूंचे विज्ञान ज्या जागी जन्मले त्यांपैकी एक जागा बिअरचा कारखाना ही होती. शिवाय सोड्याची बाटली आणि बिअरचा नळ ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. तो प्रश्न असा : दाबाने द्रवात कोंडलेला वायू, पेल्यापर्यंत पोचेतो द्रवातच कसा ठेवायचा?

पिंपावरची हवा

१७६७ साली जोसेफ प्रिस्टली हा धर्मोपदेशक इंग्लंडमधील लीड्स गावी राहायला आला. त्याच्या घराशेजारीच बिअरचा कारखाना होता. मोठमोठ्या उघड्या पिंपांत यीस्टच्या साहाय्याने धान्यातील साखरेचे किण्वन चाले. आंबणाऱ्या द्रवाच्या पृष्ठभागावर सुमारे एक फूट उंचीचा एका वेगळ्याच 'हवे'चा थर असतो, असे प्रिस्टलीच्या ध्यानात आले. त्या थरात पेटती काडी नेली की विझे आणि धूर त्या थरावरच तरंगत राही. ही हवा साध्या हवेपेक्षा जड होती हे उघड होते. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने थोड्याच वर्षांपूर्वी चुनखडीतून जी 'स्थिर हवा' मिळवली होती, तीच ही. आज आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

प्रिस्टलीने दोन पेले घेतले आणि पिंपावरच्या त्या थरात धरून एकातले पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातले पहिल्यात असे ओतले. काही मिनिटांत पाण्याला रुचकर आंबूस चव आली. पुढे खडू आणि सल्फ्युरिक आम्ल यांपासून हा वायू तयार करून पाण्यात विरघळवण्याची रीत त्याने बसवली आणि १७७२ मध्ये ती एका छोट्या पुस्तिकेत प्रसिद्ध केली. दीर्घ सागरी प्रवासात खलाशांना होणाऱ्या स्कर्व्हीवर या पाण्याचा उपाय होईल, अशी त्या वेळी आशा होती. ती आशा खोटी ठरली, कारण स्कर्व्ही होतो क जीवनसत्त्वाच्या अभावाने. पण सोडा वॉटर मात्र टिकले. जिनिव्हाच्या याकोप श्वेप याने १७८३ च्या सुमारास त्याचा धंदा उभा केला आणि १७९२ मध्ये तो लंडनला नेला.

प्रिस्टलीच्या पेल्यांची ही ओताओत विद्यार्थ्यांना सांगताना एक गोष्ट जरूर दाखवावी. ओतताना पाणी आणि वायू यांचा संपर्क वाढतो, म्हणून वायू लवकर विरघळतो. गोळी सोडा भरणारा माणूस बाटली लोखंडी जाळीच्या पेटीत घालून हाताने चाक फिरवतो, तेही याच कारणासाठी. पण हे दुधारी आहे. ज्या हलवण्याने वायू लवकर आत शिरतो, त्याच हलवण्याने, दाब काढून घेतल्यावर, तो लवकर बाहेरही पडतो.

हेन्रीचा नियम आणि परभणीचा मे महिना

किती वायू विरघळेल याचा हिशेब मांडला तो मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने, १८०३ मध्ये. त्याचे वडील टॉमस हेन्री हे औषधे आणि कृत्रिम खनिज जल बनवणाऱ्यांपैकी होते, तेव्हा विषय घरचाच होता. हेन्रीचा नियम साधा आहे : तापमान कायम ठेवल्यास, द्रवात विरघळणारा वायू हा द्रवावरील त्या वायूच्या दाबाच्या सम प्रमाणात असतो. दाब दुप्पट केला की विरघळलेला वायूही दुप्पट.

पण 'तापमान कायम ठेवल्यास' ही अट आपल्या प्रदेशात फार महत्त्वाची आहे. वातावरणाइतक्या दाबाखाली एक लिटर पाण्यात ०° से. ला सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २०° ला ०.८८ लिटर आणि ४०° ला अवघा ०.५३ लिटर. म्हणजे बर्फाच्या पाण्यात जेवढा वायू मावतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वायू परभणीच्या उन्हाळ्यातल्या पाण्यात मावतो.

आता समजा, सोड्याच्या एका बाटलीत पाण्याच्या आकारमानाच्या चौपट वायू विरघळवला आहे. बाटलीतली मोकळी जागा थोडी असल्याने हे प्रमाण जवळजवळ कायम राहते असे धरू. मग आतला दाब किती? चारला वरच्या आकड्यांनी भागावे. ०° ला सुमारे २.३ वातावरण, २०° ला ४.५ वातावरण आणि ४०° ला ७.५ वातावरण! बाटली तीच, सोडा तोच. पण बर्फाच्या पेटीतून काढून मे महिन्याच्या दुपारी गाडीवर ठेवली की काचेवरचा ताण तिपटीहून अधिक होतो. सोडावाले बाटल्यांवर ओली पोती टाकतात आणि गाडी झाडाच्या सावलीत उभी करतात, ते केवळ गिऱ्हाइकाच्या घशाला गार वाटावे म्हणून नव्हे.

सुरुवातीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळाले. झाकण उघडताच दाब एकदम एका वातावरणावर येतो. थंड बाटलीत तेव्हा मावेल त्याच्या २.३ पट वायू असतो, तापलेल्या बाटलीत ७.५ पट. अशा द्रावणाला अतिसंपृक्त म्हणतात. थंड सोडा आपला जादा वायू सावकाश सोडतो, तापलेल्याला तेवढा धीर नसतो.

बूच, गोळी आणि पारशी सोडावाले

वायू कोंडायचा तर झाकण पक्के हवे. पहिल्या बाटल्यांना बूच असे. बूच सुकले की आकसते आणि वायू निसटतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये बुडाशी गोल किंवा टोकदार बाटल्या निघाल्या. त्या उभ्या राहूच शकत नसत, त्यामुळे आडव्या ठेवाव्या लागत आणि बूच सदैव ओले राही.

१८७२ मध्ये लंडनच्या हायरम कॉड या अभियंत्याने एका वेगळ्याच बाटलीचे पेटंट घेतले. तिच्या गळ्यात काचेची गोळी आणि तोंडाशी रबरी कडे. बाटली उलटी धरून भरायची. गोळी खाली कड्यावर येऊन बसते आणि भरणे संपताच आतला वायूच तिला दाबून धरतो. जो दाब बूच उडवायला पाहतो, तोच येथे झाकण पक्के करतो. शत्रूलाच पहारेकरी नेमण्याची ही युक्ती! २०° ला आत ४.५ आणि बाहेर १ वातावरण दाब असेल, तर गोळीच्या उघड्या भागाच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे साडेतीन किलोग्रॅम भार पडतो. सोडावाल्याच्या अंगठ्याला एवढे बळ लावावे लागते. ४०° ला हाच भार साडेसहा किलोग्रॅमच्या घरात जातो. गळ्याला दोन बाजूंनी दिलेले खळगेही विसरू नयेत. ओतताना गोळी त्यांत अडकून राहते, नाहीतर ती पुन्हा तोंडाशी घरंगळून वाट बंद करील.

मुंबई-पुण्यात सोड्याचा धंदा वाढवला तो प्रामुख्याने पारशी कुटुंबांनी. मुंबईचे पालनजी (१८६५), पुण्याचे अर्देशिर (१८८४) आणि क्रिकेटपटू दिनशॉजी पांडोल यांनी मुंबईत काढलेली ड्यूक कंपनी (१८८९) ही त्यांतली ठळक नावे. पुढे १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याच्या दातेरी बिल्ल्याचे पेटंट घेतले. हा बिल्ला स्वस्त होता आणि यंत्राने बसवता येत होता. त्याने हळूहळू जगभरातून गोळीच्या बाटलीला हुसकावले. आपल्याकडे मात्र ती टिकून राहिली, कारण तिला नवे झाकण लागत नाही. बाटली धुवायची, भरायची आणि पुन्हा विकायची. एक माणूस आणि एक चाक एवढ्यावर धंदा चालतो.

पिंप, थंडी आणि नळी

बाटलीचा प्रश्न तुलनेने सोपा, कारण ती एकदाच उघडायची असते. पिंपातून पन्नास पेले भरायचे तर शेवटच्या पेल्यापर्यंत दाब टिकवायला हवा. जुन्या इंग्लंडमध्ये लाकडी पिंपे थंड तळघरात असत. जोसेफ ब्रामा या कारागिराने १७९७ मध्ये हातपंपाचे पेटंट घेतले, त्याने बिअर तळघरातून वर ओढता येऊ लागली. पण जितकी बिअर बाहेर, तितकी हवा पिंपात. थोड्याच दिवसांत वायू निघून जाई आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे बिअर आंबे.

यावर उपाय होण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली, यंत्राने निर्माण केलेली थंडी. म्युनिकच्या एका बिअर कारखान्यासाठी कार्ल फॉन लिंड याने १८७० च्या दशकात शीतकरण यंत्रे बनवली. आपल्या घरातील फ्रीज हा त्यांचाच वंशज. दुसरी, दाबाने द्रवरूप केलेला कार्बन डायऑक्साइड. मायकेल फॅरेडेने १८२३ मध्ये काचेच्या नळीत त्याचे काही थेंब मिळवले होते. १८८० च्या दशकात जर्मनीत तो पोलादी नळकांड्यांत भरून बिअर ढकलण्यासाठी वापरला जाऊ लागला. आता पिंपात हवेऐवजी हाच वायू शिरत होता, त्यामुळे दाबही टिकला आणि चवही.

राहिला नळ, आणि खरी गंमत येथे आहे. बिअरमध्ये साधारणपणे तिच्या आकारमानाच्या अडीचपट वायू असतो. तो ३° से. ला आत ठेवायचा तर पिंपात बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.८ वातावरण जास्त दाब हवा, २०° ला सुमारे २ वातावरण. नळाशी हा जादा दाब शून्यावर यायलाच हवा. तो एका झटक्यात उतरला तर द्रव जोरात फुटून बाहेर पडतो आणि त्याचा फेस होतो. म्हणून तो वाटेवर, थोडाथोडा उतरवायचा. हे काम नळीचे. सुमारे ५ मिलिमीटर आतील व्यासाची, दोन-तीन मीटर लांबीची नळी घेतली की तिच्या भिंतींच्या विरोधातच बराचसा दाब खर्च होतो. नळ पिंपापेक्षा उंच असेल तर दर मीटरला आणखी ०.१ वातावरण खर्ची पडते.

अरुंद नळीतील प्रवाहाचा नियम शोधला तो रक्ताभिसरणाचा विचार करणाऱ्या पॅरिसच्या ज्याँ प्वाझय या वैद्याने, १८४० च्या सुमारास. संथ प्रवाहात, दाब तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला तर प्रवाह एक सोळांश होतो. बिअरच्या नळीतील प्रवाह तितका संथ नसतो, म्हणून हा आकडा तेथे तंतोतंत लागू पडत नाही. पण नळीच्या जाडीत थोडा बदल केला तरी फरक मोठा पडतो, हे तेथेही खरे.

हौशी माणूस फेस पाहिला की पहिली कृती करतो ती दाब कमी करण्याची. वरवर ते शहाणपणाचे वाटते. पण हेन्रीचा नियम आठवावा. दाब कमी केल्यावर बिअरमध्ये पूर्वीइतका वायू मावत नाही. तो पिंपातच आणि नळीतच बुडबुडे होऊन सुटू लागतो आणि फेस वाढतो. खरा उपाय असतो पिंप, नळी आणि नळ तिन्ही थंड ठेवणे आणि नळीची लांबी वाढवणे. पहिला पेला फेसाळतो तो बहुधा नळाचा धातू गरम असतो म्हणून. नळ अर्धवट उघडणेही चुकीचे. अरुंद फटीत दाब एकदम उतरतो आणि फेस होतो. नळ एकदम पुरता उघडावा आणि एकदम बंद करावा.

पेल्यातला बुडबुडा

आता उरलेले निम्मे उत्तर. अतिसंपृक्त द्रवातही बुडबुडा शून्यातून सहजी जन्मत नाही. फार लहान बुडबुड्याला पाण्याचा पृष्ठताण चिरडून टाकतो. त्याला आधीपासून असलेला हवेचा कण हवा असतो. काचेवरचा ओरखडा, धुळीचा कण किंवा पेला पुसताना चिकटलेला कापसाचा तंतू यांत अशी हवा दडलेली असते. हलवलेल्या बाटलीत हवेचे असे असंख्य सूक्ष्म बुडबुडे मिसळलेले असतात. खोक्यातल्या दोन बाटल्यांतला फरक आता कळला : एक उन्हाच्या बाजूला होती किंवा नुकतीच हेंदकाळली होती, दुसरी सावलीत निवांत होती. हेंदकाळलेली बाटली काही वेळ स्वस्थ ठेवली तर हे बुडबुडे वर जातात किंवा विरघळतात.

म्हणूनच पेला स्वच्छ धुवावा, कपड्याने न पुसता उपडा ठेवून निथळू द्यावा, गार पाण्याने विसळावा आणि तिरका धरून त्याच्या भिंतीवरून ओतावे. उंचावरून ओतले की धारेबरोबर हवा आत ओढली जाते.

सोड्याचा फेस क्षणात विरतो, बिअरचा टिकतो. याचे कारण धान्यातील प्रथिने आणि हॉप फुलांतील कडू द्रव्ये बुडबुड्यांच्या पातळ पडद्याला बळकटी देतात. पेल्याला तेलाचा अंश असेल तर तो पडदा फाटतो. २००२ मध्ये जर्मनीच्या आर्न्ड लाइके या भौतिकीच्या अध्यापकाने बिअरच्या फेसाची उंची ठरावीक वेळाने मोजली आणि ती किरणोत्सारी पदार्थाप्रमाणे घातीय नियमाने घटते असे दाखवले. त्याला विनोदी संशोधनाचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. पण वर्गात आलेख शिकवण्यासाठी हा प्रयोग मुळीच विनोदी नाही.

वर्गात करून पाहा

साध्या सोड्याच्या दोन सारख्या प्लॅस्टिक बाटल्या घ्या. एक बर्फाच्या पाण्यात, दुसरी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. दोन्ही सारख्याच रीतीने उघडा आणि मोजपात्रात ओता. फेसाची उंची लगेच आणि नंतर दर पाच सेकंदांनी नोंदवा. तिसऱ्या पेल्यातील सोड्यात चिमूटभर मीठ टाका आणि बुडबुडे कोठून उठतात ते भिंगातून पाहा. फेस घातीय नियमाने घटतो का, हे साबणाच्या फेसावर तपासा. तो नियम पाळतो की नाही, हे मुलांनाच ठरवू द्या. काचेच्या बाटल्या मात्र तापवू नका. वरचा ७.५ वातावरणाचा आकडा विसरू नये.

तोच वायू, तोच नियम

हेन्रीचा नियम फक्त पेल्यापुरता नाही. खोल पाण्यात काम करणाऱ्या पाणबुड्याच्या रक्तात दाबामुळे जादा नायट्रोजन विरघळतो. तो एकदम वर आला तर उघडलेल्या सोड्याप्रमाणे त्याच्या रक्तात बुडबुडे उठतात. १९०८ मध्ये जॉन हाल्डेनने टप्प्याटप्प्याने वर येण्याची वेळापत्रके केली. दाब थोडाथोडा उतरवायचा, ही लांब नळीचीच युक्ती.

आणि प्रिस्टलीच्या पिंपावरची ती जड हवा परभणीकरांनाही अपरिचित नाही. ज्वारी साठवण्याची पेवे आपल्या भागात पूर्वी गावोगाव होती. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने आणि बुरशीने हाच वायू साचतो. पडीक विहिरीतही तो तळाशी थांबतो. पेव उघडल्यावर ते बराच वेळ वारा लागू द्यावा आणि आधी कंदील सोडून पाहावा, ही जुनी रीत प्रिस्टलीच्या विझलेल्या काडीचेच ज्ञान आहे. मात्र तिची मर्यादा मुलांना सांगायला हवी. कंदील विझला तर धोका निश्चित आहे. पण तो जळत राहिला म्हणजे हवा सुरक्षित आहे असे नव्हे. हवेत दहा टक्क्यांच्या आसपास हा वायू असेल तर माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि ज्योत मात्र त्यातही तगून राहू शकते. आत पडलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, हे अशा अपघातांत वारंवार घडते. वर दोर धरणारी माणसे असल्याशिवाय आणि आतली हवा बदलल्याशिवाय कोणी उतरू नये. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडेही याच कारणाने बंद खोलीत ठेवू नये.

सोड्याच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या मुलाला हा वायू जिभेवर कळतो. तोच वायू पेवाच्या तोंडाशी त्याला ओळखता यावा, एवढे आपल्या तासाने साधले तरी पुष्कळ झाले.